जित्या माणसाचं पान

पासलीत गोरखच्या घरी सर्वपित्री अमावास्येला तीन पानं टाकत. एक सोनबाचं, म्हणजे गोरखच्या आज्याचं. एक बाजीचं, म्हणजे बापाचं. ते दोघं मेलेले होते, त्यांच्या पानाबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. तिसरं पान मात्र बाजीच्या थोरल्या भावाचं, रोहिदासचं. आणि हा रोहिदास चांगला धडधाकट होता, मुंबईत राहत होता आणि रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर दिसत होता.

अश्विनी या घरात नऊ वर्षांपूर्वी शिवऱ्याहून लग्न होऊन आली. हायवेच्या कडेला वाढलेली पोर, बापाच्या रसवंतीवर गिऱ्हाईक सांभाळलेली, तोंडानं फटकळ. पहिल्याच सर्वपित्रीला तिनं आजेसासूला, कमळाबाईला, विचारलं, "आजी, हे तिसरं कुणाचं?"

"माज्या थोरल्याचं."

"अगं बया! ते तर जिते हायत की."

"असू दे. त्याचा कावळा शिवलाय," म्हातारी म्हणाली आणि कढी ढवळायला लागली.

पुढचं अश्विनीला रात्री गोरखनं सांगितलं. त्याला बाजीनं सांगितलं होतं, आणि बाजी त्या दिवशी तिथं हजर होता, तेव्हा ऐकीव म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे.

सत्त्याऐंशी साली रोहिदास पंचविशीत होता. भाताची खाचरं सोडून पुण्याला गेलेला, नाटकांत कामं करता करता त्याला एक सिनेमा मिळाला. रोहिदास हे नाव पोस्टरवर शोभायचं नाही म्हणून निर्मात्यानं त्याचं 'स्वरूप' करून टाकलं. सिनेमात तो हिरोचा मित्र, अर्ध्यात मरणारा. त्याच्या दहाव्याचं शूटिंग भोरला नीरेच्या घाटावर होतं. दिग्दर्शकाला काय अवदसा आठवली कोण जाणे, म्हणाला, याची खरी आईच आणून बसवू, रडणं तरी खरं येईल. पासलीला टेम्पो धाडला. कमळाबाई बिचारी लेक भेटणार म्हणून भाकरी-खर्डा फडक्यात बांधून आली.

तिला पिंडासमोर बसवलं आणि सांगितलं, "बाई, तुमचा मुलगा गेला असं समजा."

समजा म्हणे! कमळाबाईनं उभ्या जन्मात काही खोटं समजून केलं नव्हतं. पिंड ठेवणाऱ्यानं सवयीनं मयताचं नाव विचारलं, तिनं सवयीनं खरं नाव सांगितलं, "रोहिदास सोनबा." सिनेमातलं नाव कुणी तिच्या कानावर घातलंच नव्हतं. भाताचा पिंड दर्भावर ठेवला गेला आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले.

एरवी त्या घाटावर कावळ्यांना काय तोटा! त्या दिवशी पिंपळ काळा झाला होता कावळ्यांनी, पण खाली एक उतरेल तर शपथ. तीन तास झाले. ऊन कलायला लागलं. दिग्दर्शक डोकं धरून बसला. कमळाबाईच्या जिवाची मात्र घालमेल चालली होती, कारण पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही तरी इच्छा राहिली, आणि घरच्या माणसानं ती ओळखून, पुरी करू असा शब्द द्यायचा, ही रीत तिला पाठ होती. ती उठली. हात जोडले.

"रोहिदासा, बाजीचं लगीन ऱ्हायलंय म्हणून अडलास का? म्या करीन." कावळे ढिम्म. "वड्याकडचं खाचर तुला पायजेल हुतं का? तुज्या नावानं ठेवीन." तरी ढिम्म.

मग तिनं मान वळवली. तिचा लेक कॅमेऱ्याशेजारी उभा होता, तोंडाला पावडर फासून. तो आईकडं बघत नव्हता, पिंडाकडं बघत नव्हता. कॅमेऱ्याच्या भिंगात स्वतःचं तोंड दिसतंय का, ते वाकून बघत होता. तेव्हा तिला कळलं.

"तुला लोकांनी बगायला पायजेल, व्हय ना? बगू दे. समद्या जगाला बगू दे. माज्या डोळ्यांचा वाटा म्या सोडला. हितनं फुडं तुजं त्वांड बगणार न्हाई, आन् दरसाल तुजं पान टाकीन. आता तरी शिव, बाबा."

शब्द पुरते संपायच्या आत कावळा पिंडावर. दिग्दर्शकानं उडीच मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमळाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, भाकरीचं फडकं तिथंच ठेवलं आणि लेकाकडं न बघता टेम्पोत जाऊन बसली.

तो सिनेमा तुफान चालला. पहिल्या सर्वपित्रीला तिनं रोहिदासचं पान अंगणातल्या दगडावर टाकलं. एका डोमकावळ्यानं येऊन सगळं सोडून खिरीत चोच घातली, आणि त्या वर्षापासून स्वरूप प्रेमाचा हिरो झाला. भोरच्या न्हाव्याच्या दुकानात त्याची कॅलेंडरं, वेल्ह्याच्या बाजारात त्याच्यासारखे भांग पाडलेली पोरं. आठ-नऊ वर्षं कावळा खीरच खात राहिला. मग एका साली त्यानं खिरीला तोंड लावलं नाही, कारल्याची फोड उचलली. पुढच्याच सिनेमात स्वरूप खलनायक. बाया त्याला पडद्यावर बघून बोटं मोडायच्या, "मेल्या, तुझं मढं निघो" म्हणायच्या. एकदा नसरापुरात उद्घाटनाला आला तर कुणीतरी चप्पल भिरकावली. पुढं कावळा कढीभातावर आला, तेव्हा स्वरूप पोरीच्या पाठवणीला रडणारा बाप झाला. मग नुसतं वाटीतलं पाणी प्यायला लागला, आणि स्वरूप मालिकेतला आजोबा झाला, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात करायला लागला.

हे सगळं अश्विनीनं आधी हसण्यावारी नेलं. कावळ्यानं काय खाल्लं त्यावर माणसाचं नशीब? पण एक गोष्ट तिला खटकत होती. सगळी पानं आधी झाकून ठेवली, मागंपुढं केली, खीर पलीकडं सारली, तरी तो कावळा यायचा, पानाभोवती चालून बघायचा आणि नेमकं हवं तेच घ्यायचा. एका पायानं लंगडत चालणारा, गळ्याची पिसं झडलेला. बाजी म्हणायचा की घाटावर उतरला होता तो हाच. कावळा जगतो तरी किती वर्षं?

रोहिदास तेवढ्या काळात तीनदा घरी आला; एरवी दर सर्वपित्रीला कावळ्यानं काय घेतलं ते फोनवर विचारून घ्यायचा. गाडीमागं सगळा गाव लोटायचा. कमळाबाई तोंडावर पदर घेऊन दाराआडून बोलायची, खुशाली विचारायची, पण पंगतीत कधी बसू द्यायची नाही. "तुजं पान भाइर असतंय, बाबा," म्हणायची. तो गेला की दिवसभर जेवायची नाही. साडेसातला टीव्ही लागला की उठून गोठ्यात जायची. एवढी कठोर बाई अश्विनीनं दुसरी पाहिली नव्हती, आणि एवढी दुःखी तर नाहीच.

गेल्या वर्षी कावळा आला, पानाभोवती तीनदा फिरला आणि कशालाच न शिवता उडून गेला. म्हातारीनं अंथरूण धरलं. यंदा जेठात ती गेली. रोहिदासला फोन केला, तर कुणीतरी सांगितलं की सर शूटिंगमध्ये आहेत, त्यांना सोडता येणार नाही.

म्हणून यंदाची सर्वपित्री अश्विनीवर आली. वर्षाच्या आत आजीचं पान टाकायचं नसतं, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणजे पानं तीनच. पहाटेपासून ती चुलीशी होती.

"अवं, जित्या माणसाचं पान म्या न्हाई टाकणार," तिनं नवऱ्याला सांगितलं. "आजीनं घातलं, तिच्या लेकाचं होतं. माज्या हातनं हे पाप नको."

"आजीचा शब्द हाय," गोरख म्हणाला. "मोडला आन् रोहिदासतात्याला काय झालं तर?"

त्यांचं हे चाललेलं असतानाच शाळेपाशी गाडी थांबली, आणि बांधावरून रोहिदास चालत आला. एकटाच. भोरला मालिकेचं शूटिंग होतं, मधल्या सुट्टीत स्वतः गाडी चालवत आला होता, तोही आजोबाच्या वेषातच. पांढरा टोप, पांढऱ्या चिकटवलेल्या मिशा, गालांवर सुरकुत्यांचा रंग. वाटेत पाच-सहा माणसं त्याच्या अंगावरून गेली. एकानंही वळून पाहिलं नाही.

अश्विनीनं पाणी दिलं, पाया पडली. आणि उठताना त्याच्याकडं नीट बघितलं. त्याचं तोंड जागेवर ठरत नव्हतं. डावीकडून बघितलं तर कॅलेंडरवरचा हिरो, मान वळवली की तो जबडा आवळणारा खलनायक, खाली बघितलं की रडका बाप. ती नुसती तांब्या ठेवायला वळली तर तेवढ्यात त्याचं तोंड विसरून गेली. पुन्हा बघावं लागलं.

"तुमालाबी दिसतंय ना?" रोहिदास हळूच म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याच्या बोलण्यात पासलीची बोली तशीच होती. "गेल्या साली एका कंपनीनं मला काचेच्या खोलीत बसवलं. शंभर कॅमेऱ्यांनी तोंडाचं माप घेतलं. आता कॉम्प्युटरवर माजं पंचविशीतलं तोंड करणार, त्येच काम करणार, त्येच नाचणार. मी लागतबी न्हाई. तवापासनं हे असं. सेटवरचा वॉचमन मला रोज आडवतो. आरशात बगतो तर कालचा रोल दिसतो, मी न्हाई."

"मग न्हाई म्हणा की त्यान्ला," अश्विनी म्हणाली.

"येडी का काय तू? उद्या सही हाय! पुन्हा हिरो, पोस्टर, समदं. फकस्त एवढंच, सूनबाई, की औंदा कावळा खिरीला शिवला पायजेल." मग त्यानं लहान पोरासारखा आवाज केला. "खीर जरा फुडं वाढ. बाकीचं लांब ठेव. कारलं तर वाढूच नगंस."

अश्विनीला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस कावळ्याला फसवायला बघत होता.

शेवटी गोरखनंच तिन्ही पानं नेऊन अंगणातल्या दगडावर ठेवली. काव काव करून हाका घातल्या. सोनबाच्या पानावर कावळे तुटून पडले. बाजीचं पान दोन मिनिटांत साफ. मधल्या, रोहिदासच्या पानाकडं एक फिरकला नाही. लंगडा कावळाही दिसेना. खिरीवर साय धरली. खाचरांवरून धुकं वर सरकत आलं आणि भर दुपारी कौलं ओली झाली. रोहिदास उकिडवा बसून पानाकडं बघत होता, आणि त्याच्या गालांवरचा रंग घामानं ओघळत होता.

तासभर गेला. "कुणीतरी बोललं पायजेल," गोरख म्हणाला आणि बायकोकडं बघितलं. "घरची बाई आता तूच."

"बोल," रोहिदास म्हणाला. "म्हण की जगाला तुजं तरणं तोंड बगू दे. म्हण की आमी तुजं पान कायम टाकू. म्हण ना गं, पाया पडतो तुज्या!"

अश्विनी पुढं झाली, हात जोडले, तोंड उघडलं. आणि तिला आजी आठवली, गोठ्यात अंधारात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून साडेसात ते आठ उभी राहणारी. एवढं करून या माणसाला मिळालं काय? तोंडसुद्धा उरलं नाही. तिला असा संताप आला की भीतीबिती सगळी गेली. तिनं वाकून मधलं पान दोन्ही हातांनी उचललं.

"अगं, अगं! टाकलेलं पान उचलत्यात का?" गोरख ओरडला.

"जित्या माणसाचं पान भाइर नसतंय," ती म्हणाली. "तात्या, आत या. पाट मांडते. गरम वाढते. जेवा आन् मग काय सह्या करायच्या त्या करा."

"मी आत जेवलो तर आयेचा शब्द मोडंल. समदं जाईल माजं."

"काय ऱ्हायलंय जायला? त्वांड त्यान्नी नेलं. पोट तरी तुमचं हाय का न्हाई?"

रोहिदास कितीतरी वेळ उंबऱ्याबाहेर उभा होता. आतून आंबेमोहराच्या भाताचा वास येत होता. त्यानं बूट काढले, इकडं तिकडं बघितलं, आणि चोरासारखा आत येऊन पाटावर बसला.

अश्विनीनं भात वाढला, वर कढी घातली. त्यानं पहिला घास उचलला, तेवढ्यात दारात फडफड झाली. कावळा. तो अंगणात थांबला नाही. उंबरा चढला, ओटीवरून चालत चालत माजघरात आला. गोरख भिंतीला टेकला. अश्विनीनं केरसुणीकडं हात नेला, पण तिचा हात तिथंच राहिला. हा लंगडा नव्हता. हा लहानखुरा, करड्या मानेचा, पूर्वी कधी न पाहिलेला. तो पानापुढं येऊन उभा राहिला आणि पानाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मान वाकडी करून एका डोळ्यानं रोहिदासच्या तोंडाकडं बघायला लागला. मग दुसऱ्या डोळ्यानं. सुईत दोरा ओवताना एक म्हातारी अशीच मान करायची, ते त्या दोघांनाही एकदमच आठवलं.

"आजी," गोरख पुटपुटला.

रोहिदासच्या हातातला घास खाली पडला. कावळा एक पाऊल पुढं आला, पुन्हा बघितलं, आणि त्याला काहीतरी सापडत नसल्यासारखा मागं सरला. त्यालाही ते तोंड ओळखू येत नव्हतं. जिवंतपणी जिनं शब्द पाळला ती मेल्यावर बघायला आली होती, आणि बघायला काही नव्हतं.

"थांब, आये, थांब जरा," रोहिदास घाईघाईनं म्हणाला. त्यानं मिशा ओढून काढल्या, कातडं लाल झालं. टोप काढून फेकला. खाली काळे केस होते, पण तोही टोपच होता, तोही काढला. खाली टक्कल. अश्विनीनं न सांगता ओला पंचा पुढं केला. त्यानं गाल पुसले, कपाळ पुसलं, मान पुसली, पंचा पिवळा-तपकिरी झाला, तरी पुसतच राहिला. शेवटी एक साधा म्हातारा उरला. गोरखसारखं बसकं नाक, कपाळावर बैलाचं शिंग लागल्याची लहानपणची खूण, हनुवटी थेट कमळाबाईची. आणि ते तोंड आता हलत नव्हतं.

"बग," तो म्हणाला. "मी आलोय. बग गं आये."

आणि तो रडायला लागला. आई मेल्याला तीन महिने झाले होते, आणि हे रडणं आत्ता आलं होतं, नाक गळणारं, भेसूर, कुठल्याही पडद्यावर न चालणारं. कावळा हलला नाही. तो बघत होता. पोटभर बघत होता. मग त्यानं पडलेला घास उचलला, वळला आणि आला तसा चालत बाहेर गेला.

अश्विनीनं नवा भात वाढला. रोहिदास हुंदके देत जेवला, कारल्यासकट सगळं जेवला, पुन्हा मागून घेतलं. त्याचा मोबाईल खिशात वाजत राहिला.

थोड्या वेळानं बाहेर दुसरी गाडी आली. शेफाली नावाची सेटवरची मुलगी चिखलातून उड्या मारत अंगणात आली. चार वर्षं ती रोज सकाळी रोहिदासला चहा देत होती, त्याच्या समोर बसून त्याचे संवाद वाचून दाखवत होती. ती दारात उभी राहून थेट त्याच्याकडं बघत म्हणाली, "आजोबा, स्वरूप सर इथं आलेत का? त्यांची गाडी तर शाळेपाशी उभी आहे. शॉट खोळंबलाय."

गोरखनं तोंड उघडलं. अश्विनीनं त्याचा दंड धरला.

रोहिदासनं भुरका संपवला, हातानं तोंड पुसलं.

"त्ये वारले, बाळ," तो म्हणाला. "अडतीस वर्सं झाली." मग त्यानं रिकामी वाटी पुढं सारली. "सूनबाई, कढी हाय का अजून?"